ठाण्याच्या गच्चीवरून परक्या सूर्याचा ग्रह

‘दुसरी पृथ्वी सापडली’ ही बातमी अधूनमधून येतेच, सोबत निळ्या समुद्राचं चित्रही असतं. ते चित्र कल्पनेने काढलेलं असतं. इतर ताऱ्यांभोवती फिरणारे ६,००० हून अधिक बाह्यग्रह आता नोंदले गेले आहेत, पण त्यांतले बहुतेक कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, आणि बरेचसे ग्रह या अधिक्रमणावरूनच कळले. पत्रिका मांडून यातला एकही ग्रह कुणाला सापडलेला नाही.

महाश्व तारकासमूहातला एचडी २०९४५८ हा तारा घ्या. त्याच्या ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या साधारण १२ टक्के आहे. झाकलं जातं ते क्षेत्रफळ, म्हणून ०.१२ चा वर्ग करायचा: घट जेमतेम दीड टक्का, सुमारे तीन तास टिकणारी. १९९९ साली खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बोनो यांनी ती अवघ्या १० सेंमीच्या दुर्बिणीने टिपली. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर घट फक्त ०.००८ टक्के. तेवढं मोजायला केपलर दुर्बीण अवकाशातच पाठवावी लागली.

एचडी २०९४५८ ची घट दुर्बिणीला कॅमेरा जोडून ठाण्याच्या उजळलेल्या आकाशातूनही टिपता येते, कारण आपण तुलना करतो. तारा ७.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, पण ८० मिमीच्या दुर्बिणीला भरपूर तेजस्वी. त्याच फोटोतले दोन-तीन शेजारी तारे निवडायचे आणि आपल्या ताऱ्याच्या उजेडाला त्यांच्या उजेडाने भागायचं; हे गुणोत्तर वेळेनुसार आलेखावर मांडायचं. खाडीवरून धुरकं आलं तर सगळे एकत्र मंदावतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. शेजारी शक्यतो त्याच रंगाचे हवेत; तारे पश्चिमेला कलले की निळ्या ताऱ्याचा उजेड लालपेक्षा जास्त गळतो आणि आलेखाला खोटा उतार येतो.

फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, म्हणजे उजेड अनेक पिक्सेलांवर पसरतो आणि एखाद्या पिक्सेलचा दोष अंगाशी येत नाही. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, १५ ते ३० सेकंदांचे, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) कायम एकच. ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास भरलेला असावा. तो पूर्ण भरला की मोजमाप संपलं. अधिक्रमणाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास घेतलाच पाहिजे, नाहीतर घट कशाच्या तुलनेत मोजणार?

हा तारा ठाण्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. हवेचा थर तिथे सर्वांत पातळ, हा मोठाच फायदा. पण तारा मध्यान्हरेषा, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना दुर्बीण उलटवावी लागली तर फोटोची चौकट फिरते आणि आलेखात पायरी येते. ऑक्टोबरच्या दमट रात्री भिंगावर दव बसतं, त्यासाठी भिंगाभोवती हीटरचा पट्टा लावायचा.

ग्रहाची फेरी ३ दिवस १२ तास ३५ मिनिटांची. दोन फेऱ्या म्हणजे सात दिवस आणि जेमतेम सव्वा तास. त्यामुळे एक रात्र ढगांनी खाल्ली, तरी पुढच्या आठवड्यात त्याच वारी, तेवढ्याच उशिरा, तेच अधिक्रमण पुन्हा असतं.