लागलंय, पण चालत नाही : डायल-अपच्या एका बिघाडामागचा इतिहास

विंडोज 98 मध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन चिमुकले संगणक दिसायचे. माहिती ये-जा करत असली की ते उजळायचे. डायल-अपचा, म्हणजे फोन लावून घेतलेल्या इंटरनेटचा, सगळ्यात छळवादी बिघाड तिथेच कळायचा : दोन्ही संगणक काळे, जोडणी मात्र कायम. लाईन पडलेली नाही, पासवर्ड बरोबर आहे, फोनचं मीटर पळतंय आणि पान अर्ध्यावर थांबलंय.

‘नंबरच लागत नाही’ ही तक्रार त्या मानाने सोपी. ‘लागलंय, पण चालत नाही’ ही अवघड, कारण तिला एक मालक नव्हता. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोन उचलणारा मोडेम (संगणकाची माहिती फोनच्या तारेवरून नेणारं यंत्र) आणि परदेशी जाणारा दुवा निगमचा होता, ग्राहकाच्या घरापर्यंतची तार मात्र मुंबईत एमटीएनएलची आणि पुण्यात दूरसंचार खात्याची. ती तार टाकली गेली होती बोलण्यासाठी. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की 198 वर तक्रार नोंदवायची, लाईनमन येऊन रिसीव्हर कानाला लावायचा आणि म्हणायचा, ‘‘आवाज तर येतोय की!’’ त्याचंही खरंच होतं. माणसाचा कान खरखरीतून शब्द उचलतो, मोडेमला ते जमत नाही.

खरखर वाढली की दोन्ही टोकांचे मोडेम माहिती थांबवून पुन्हा आपसात वेग ठरवायला बसत. त्यात काही सेकंद जात आणि ग्राहकाला वाटे, सगळं गोठलं. दुसरं कारण जास्त खोल होतं. इंटरनेटवर माहिती टीसीपी-आयपी या पद्धतीने छोट्या पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरेचा 40 बाइटचा मजकूर, म्हणजे हेडर, असतो. मंद लाईनवर तो परवडत नाही, म्हणून 1990 मध्ये व्हॅन जेकबसन यांनी तो तीन ते पाच बाइटवर आणायची पद्धत मांडली. आधीच्या पाकिटापेक्षा जेवढं वेगळं, तेवढंच पाठवायचं. युक्ती सुंदर, पण खराब लाईनवर एक पाकीट गळालं की पुढची चुकीची उलगडत आणि फेकली जात. पाठवणारा पोच येईना म्हणून वाट पाहत बसे. म्हणूनच ‘हेडर कॉम्प्रेशनची खूण काढून बघा’ हा सल्ला हेल्पडेस्कवर इतक्यांदा दिला जाई.

1997 मध्ये 56 के (सेकंदाला 56 हजार बिट) मोडेम आले तेही दोन तट पाडून : एक्स2 आणि के56फ्लेक्स या एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती. सेवादात्याकडे एक आणि घरी दुसरा असला तर 56 के विसरायचं. 1998 मध्ये व्ही.90 हे समान मानक ठरल्यावर हा घोळ मिटला. तरीही खराब लाईनवर जाणकार वेग मुद्दाम खाली बांधून ठेवत. डळमळत्या 44,000 पेक्षा ठाम 28,800 चांगला, हे अनुभवाचं शहाणपण होतं आणि ते मला आजही पटतं.

सेवादात्याच्या खोलीतला बिघाड बाहेरून दिसतच नसे. एका नंबरामागे अनेक लाईन असत आणि एक्स्चेंज फोन पहिल्या मोकळ्या लाईनवर टाकी. रॅकमधला एखादा मोडेम अडकला, की तो फोन उचलत नसे, म्हणजे एक्स्चेंजच्या लेखी कायम मोकळा. मग एकामागून एक फोन त्याच्याच पदरात पडत आणि ग्राहकाला ‘678, उत्तर नाही’ असं दिसे. दिव्यांच्या लखलखत्या ओळीतला तो एक निपचित दिवा हेरून त्याची लाईन बाजूला काढणं हे रात्रपाळीचं काम.

हिशेब ठेवायला रेडियस ही यंत्रणा होती, लिव्हिंग्स्टन कंपनीने 1991 मध्ये बनवलेली. जोडणी सुरू झाल्याची एक नोंद, संपल्याची एक. संपल्याची नोंद वाटेत हरवली, तर घरी फोन ठेवलेला माणूस इथे अजून ‘आत’ असे, आणि एका नावाने एका वेळी एकच जोडणी मिळे. त्याने पुन्हा लावलं की ‘691’ : नाव किंवा पासवर्ड चूक. बिचारा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राही. ती नोंद हाताने पुसेपर्यंत काही उपयोग नसे.

नोव्हेंबर 1998 पासून खासगी सेवादाते आले, मोडेम वाढले, एंगेज टोन कमी झाला. ऑक्टोबर 2004 च्या धोरणाने किमान 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड असं ठरवलं. पुढच्याच जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं, त्याच तांब्याच्या जोडीवरून. नेट अडकलं म्हणून फोन केला, की पलीकडून पहिला प्रश्न तोच येई : ‘‘लाईनला खरखर आहे का?’’