प्रभाग समिती आणि नागरिक सदस्य (पुण्याच्या पेठा)

महानगरपालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील नगरसेवक, त्या कार्यालयाचे प्रमुख अधिकारी आणि नामनिर्देशित नागरिक सदस्य यांची मिळून होणारी वैधानिक समिती. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता यांविषयीच्या तक्रारींची तड लावणे, हद्दीतील खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणे आणि लहान कामांना मंजुरी देणे ही तिची मुख्य कामे. पुण्याच्या जुन्या पेठांचा बहुतेक भाग कसबा-विश्रामबागवाडा आणि भवानी पेठ या दोन क्षेत्रीय कार्यालयांकडे येतो. येथे या भागातील समित्यांत नागरिक सदस्याला असलेले स्थान आणि ते सुधारण्याचे प्रयत्न यांचा विचार केला आहे.

उगम : कारभारात नागरिकाचा सल्ला घेण्याच्या या प्रथेचे मूळ कोठे शोधावे याविषयी एकमत नाही. एक मत ते पेशवेकालीन पेठांच्या व्यवस्थेत पाहते. नवी पेठ वसवताना शेटे व महाजन यांना वतने दिली जात. व्यापारी-उदमी आणून वसवणे, बाजाराची घडी बसवणे आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घेणे हे त्यांचे काम असे. शहराचा बंदोबस्त, तंटे आणि वजनमापांची देखरेख कोतवालाच्या चावडीकडे होती. पेठेचा कारभार पेठेतल्याच कोणी पाहावा ही कल्पना यात दिसते, हे खरे. मात्र वतन वंशपरंपरेने चाले आणि अधिकार सरकारकडून येई. रहिवाशांना आपला माणूस नेमण्याची वा बदलण्याची मुभा नव्हती. १८१८ नंतर, पेशवाई संपल्यावर, ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने दिवाणी तंट्यांसाठी पंचायती काही काळ चालू ठेवल्या, पण तो न्यायदानाचा भाग होता. रस्ते-पाण्याच्या कारभारात सल्ला देण्याशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणून होईल.

दुसरे मत हे मूळ सार्वजनिक सभेत पाहते आणि ते अधिक सबळ वाटते. पर्वतीवरील देवस्थानाच्या (पर्वती संस्थान) व्यवस्थेबद्दल शहरात असंतोष होता आणि त्यातून जी हालचाल सुरू झाली तिची परिणती २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेच्या स्थापनेत झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. सभासद होऊ पाहणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा सभेचा नियम होता. पहिल्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या, असे सांगितले जाते. सरकारपुढे बोलणाऱ्याने आपण कोणाच्या वतीने बोलतो हे आधी कागदावर दाखवावे, हा दंडक त्या काळात विलक्षण होता आणि आजच्या नियमांतही त्याच्या तोडीचे काही नाही. सभेच्या या प्रातिनिधिकतेवर जोतीराव फुले यांनी घेतलेला आक्षेपही येथे नोंदवायला हवा. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र जातींतील माणसे सभेत नसताना ती सर्वांची कशी, असा त्यांचा प्रश्न होता. फुले स्वतः १८७६ ते १८८३ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. म्हणजे मुखत्यारपत्र असलेली संस्था नगरपालिकेबाहेर, आणि नगरपालिकेत मात्र नेमलेले सदस्य, अशी त्या दशकातील स्थिती होती.

नगरपालिकेची स्थापना कोठे १८५७, तर कोठे १८५८ अशी दिलेली आढळते. निवडणुकीचे तत्त्व तिच्यात रुजले ते व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्यविषयक १८८२ च्या ठरावानंतर. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये नगरपालिकेवर निवडून गेले, तर विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली.

तिसऱ्या मतानुसार १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीपूर्वीचे सारे केवळ पूर्वपीठिका ठरते. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात एक वा अधिक प्रभागांसाठी समिती असलीच पाहिजे, असे तिच्यातील अनुच्छेद २४३ एस सांगतो. आजच्या समितीचे कायदेशीर मूळ हेच, याबद्दल वाद नाही. तरीही नागरिक सदस्य कोणाच्या वतीने बोलतो हा प्रश्न १८७० चा आहे. घटनादुरुस्तीने त्याचे उत्तर दिले नाही, ते राज्यांवर सोपवले.

महिन्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयात भरणारी ‘मोहल्ला कमिटी’ हा याहून वेगळा प्रवाह होय. हे नाव भिवंडीत १९८८ च्या सुमारास पोलिसांनी सलोख्यासाठी सुरू केलेल्या आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत पसरलेल्या समित्यांवरून आले असावे. पुण्यात तिचा विषय मुख्यतः कचरा, पदपथ आणि ड्रेनेज असा राहिला. तिला वैधानिक आधार नाही. ती अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालते आणि अधिकारी बदलला की थंडावते.

रचना व अधिकार : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या (मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक अधिनियम) कलम २९ अ नुसार समितीत नगरसेवक आणि क्षेत्रीय अधिकारी यांखेरीज तीनपर्यंत अन्य सदस्य घेता येतात. ते त्या हद्दीत समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त अशासकीय वा समाजाधारित संस्थांमधील असावेत, आणि त्यांना नगरसेवकांनी नामनिर्देशित करावे, अशी तरतूद आहे. चर्चेत भाग घेण्याचा हक्क त्यांना आहे, मतदानाचा नाही. अध्यक्ष दरवर्षी नगरसेवकांमधूनच निवडला जातो. अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना समिती प्रशासकीय व वित्तीय मंजुरी देऊ शकते.

मत नसणे हा दोष बहुतेक समीक्षक प्रथम सांगतात. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण नामनिर्देशनात आहे. ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे त्यांनीच आपले निरीक्षक निवडायचे, असा हा उलटा क्रम झाला. संस्थेच्या नावाखाली पक्षाच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते ही टीका पुण्यात वारंवार झाली, ती या रचनेतूनच. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. त्या कायद्याखालील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथारीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यांतील एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. मंडई-तुळशीबाग परिसरात रस्त्यावर बसून विकणाऱ्यासाठी कायद्याने निवडणूक ठेवली आहे. त्याच रस्त्यावर वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा समितीतला नागरिक प्रतिनिधी मात्र नेमलेला असतो.

सभेतील कामकाज : विषयपत्रिका आधी निघते. कार्यालयाच्या सभागृहात नगरसेवक पुढे बसतात, खात्यांचे अभियंते कडेला. नागरिक सदस्य आपल्या गल्लीतल्या चेंबरचा वा कमी दाबाच्या पाण्याचा विषय मांडतो, अभियंता ‘पाहणी करून घेतो’ म्हणतो, आणि पुढचा विषय पुकारला जातो. इतिवृत्तात पुष्कळदा ‘चर्चा झाली’ एवढीच ओळ उतरते. विषय तहकूब झाला तर तो निदान पुढील सभेत येतो. दप्तरी दाखल झाला, म्हणजे निर्णयाविना नुसता नोंदला गेला, तर तेथेच थांबतो. सूचना मान्य झाली की फेटाळली, आणि फेटाळली तर का, हे लेखी मिळत नाही तोवर सदस्याला पाठपुरावा कशाचा करावा हेच कळत नाही.

अंदाजपत्रकातील सहभाग : सल्ल्याला पैशाची जोड मिळाली ती २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून. नितीन करीर आयुक्त असताना नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत सुरू झाली. ही भारतातील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक मानली जाते. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून काम सुचवतो : उखडलेला पदपथ, बंद पडलेला दिवा, बसथांब्याचे छत, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती. कनिष्ठ अभियंता जागा पाहून पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करतो, प्रभाग समिती शिफारस करते, आणि मग ते काम आयुक्तांच्या अंदाजपत्रकातून स्थायी समिती व मुख्य सभेपर्यंत जाते. समितीच्या सल्ल्याचे परिणाम ज्यात मोजता येतात अशी ही एकमेव वाट, म्हणून तिचे मोल मोठे. मात्र नागरिकाने सुचवलेले काम अंदाजपत्रकात आल्यावर त्याचा माग काढणे अवघड जाते, कारण एकाच रस्त्यावर नगरसेवकाच्या निधीतून, खात्याच्या निधीतून आणि या वाटेने अशी तीन ठिकाणांहून कामे निघू शकतात.

पेठांचे वेगळेपण : उपनगरातील समितीपुढे रस्ता करावा की नको हा प्रश्न असतो, तर पेठेत तो रस्ता आधीच कोण वापरतो हा. लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई येथे दिवसा येणारे दुकानदार, कामगार आणि गिऱ्हाईक यांतील बहुतेकांचे मतदान दुसऱ्याच प्रभागात असते. वाड्यांतील भाडेकरू, पुनर्विकासात तात्पुरते बाहेर गेलेली कुटुंबे, पथारीवाले यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यावर कसबा पेठ व मंडई स्थानकांभोवतीच्या पदपथांचा आणि रिक्षाथांब्यांचा प्रश्न वाढला. असे विषय प्रभाग समितीपुढे येतात, पण वाहतूक पोलीस, मेट्रो आणि शहर बससेवा चालवणारी पीएमपीएमएल तिला बांधील नाहीत.

हद्दींचा घोळ यात भर घालतो. २००७ मध्ये एकसदस्यीय १४४ प्रभाग होते. २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ७६ झाले, आणि २०१७ मध्ये बहुतांशी चार सदस्यांचे ४१. दर निवडणुकीला पेठा नव्याने चिरल्या गेल्या. चार नगरसेवकांपैकी आपल्या गल्लीचे उत्तरदायित्व कोणाकडे, हे रहिवाशाला सांगता येत नाही आणि नागरिक सदस्यालाही नाही. याच अधिनियमाच्या २००९ च्या दुरुस्तीने आलेली क्षेत्रसभा (प्रभागातील छोट्या भागाच्या मतदारांची सभा) ही पोकळी भरू शकली असती. पुण्यात ती नियमित भरत नाही, अशी तक्रार नागरी संघटना करत आल्या आहेत.

सुधारणा : मुंबईतील १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) हे रहिवाशांचे गट आणि बंगळूरुमधील प्रभाग समित्या यांचे दाखले नेहमी दिले जातात. पुण्याच्या पेठांना अधिक उपयोगी पडेल ते येथेच तयार आहे. महापालिकेचे दस्तऐवज दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना पाहू देण्याची पद्धत पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर कार्यालयांना लागू केली. प्रभाग समितीचे इतिवृत्त, प्रत्येक सूचनेवरील लेखी उत्तर आणि त्या कामाचा बजेट कोड (अंदाजपत्रकातील क्रमांक) याच वेळात टेबलावर ठेवण्यास नवा कायदा लागत नाही. नामनिर्देशनापूर्वी इच्छुकाने हद्दीतील रहिवासी व व्यावसायिक यांच्या ठरावीक सह्या आणाव्यात, ही अपेक्षा सार्वजनिक सभेच्या जुन्या नियमाला धरूनच आहे. सह्यांत पथारीवाले, भाडेकरू आणि स्त्रिया यांचे किमान प्रमाण ठेवले तर फुल्यांचा आक्षेपही विचारात घेतल्यासारखे होईल. सभा कार्यालयीन वेळेत भरली तर दुकानदार आणि नोकरदार दोघेही मुकतात; मंडईतले व्यवहार पाहता संध्याकाळी साडेसहानंतरची वेळ सुचवली जाते, पण भाजीवाल्यांना तीही अडचणीची.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहू लागले, आणि त्या काळात नगरसेवकच नसल्याने प्रभाग समित्यांचे स्वरूप उरले नाही. नागरिकांच्या अर्जांवर शिफारस करणारे कोणी निवडून आलेले राहिले नाही, आणि कामांची निवड अधिकाऱ्यांकडे गेली. १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या निवडणुकीनंतर समित्या पुन्हा बसवण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. नागरिक सदस्यांची नेमणूक ही त्यानंतरची पायरी, आणि सह्यांची अट घालायची तर ती त्याआधीच जाहीर व्हावी लागेल.