रॅटलिंग : शिंगांच्या आवाजाने नर हरणाला बोलावण्याचे शिकारतंत्र

दोन नर हरणांच्या झुंजीत शिंगांवर शिंगे आदळून होणाऱ्या आवाजाची नक्कल करून तिसऱ्या नराला माऱ्याच्या टप्प्यात आणण्याच्या तंत्राला रॅटलिंग म्हणतात. हे तंत्र मुख्यतः उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी वापरले जाते आणि ते सर्वाधिक रुजले ते अमेरिकेच्या टेक्सस राज्यात, विशेषतः त्याच्या दक्षिणेकडील काटेरी झुडपांच्या मुलखात. भारतात पूर्वी रूढ असलेल्या हाक्याच्या शिकारीत माणसे सावजाला हुसकावून मचाणाकडे आणत असत. येथे सावज आपणहून येते, आणि ते का येते हे समजल्याशिवाय या तंत्राचे यशापयश समजत नाही.

हरणांची शिंगे ही गाय किंवा काळवीट यांच्या शिंगांप्रमाणे हाडाच्या गाभ्यावरील पोकळ, कायमची आवरणे नसतात. ती भरीव हाडाची असून दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगे वसंत ऋतूपासून मखमली त्वचेखाली वाढतात, तेथील उन्हाळ्याच्या अखेरीस (ऑगस्ट-सप्टेंबरात) ती त्वचा वाळून सोलली जाते, आणि मीलनकाळ उलटल्यावर, साधारणपणे जानेवारी ते मार्च या महिन्यांत, शिंगे गळून पडतात. दिवस लहान होऊ लागले की नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढते, मान फुगते आणि एरवी एकत्र चरणारे नर परस्परांना सहन करीनासे होतात. मादी एका वेळी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते व गर्भधारणा न झाल्यास सुमारे 28 दिवसांनी पुन्हा माजावर येते. संधी इतकी थोडी असल्यामुळे कोणत्या नराने कोणापुढे माघार घ्यायची हे आधीच ठरलेले असणे सर्वांच्याच सोयीचे असते, आणि ते ठरते शिंगांच्या जोरावर.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसणाऱ्या बहुतेक लढती खऱ्या नसतात. दोन नर डोकी खाली करून शिंगे हलकेच अडकवतात, थोडे ढकलून पाहतात आणि पुन्हा शेजारी शेजारी चरू लागतात. खरी झुंज क्वचित होते व बहुधा तुल्यबळ नरांमध्येच होते. त्याआधी कान मागे पडतात, अंगावरचे केस उभे राहतात, दोघे ताठ पायांनी एकमेकांना कडेने सामोरे जातात. यातूनही कोणी हटला नाही तरच टक्कर होते. अशा झुंजीत माती उधळते, फांद्या मोडतात, आणि कधी शिंगे एकमेकांत अशी अडकतात की दोन्ही नर भुकेने वा थकून मरतात. या गदारोळाकडे इतर नर धाव घेतात. कोणी आपला दरारा राखण्यासाठी येतो, कोणी झुंजीचे कारण ठरलेली मादी जवळपास असेल म्हणून येतो, आणि कोवळ्या वयाचे काही केवळ कुतूहलापोटी येतात.

साधने साधी असतात. गळलेल्या शिंगांची, शक्यतो त्याच वर्षीची, एक जोडी घेतली जाते, कारण अनेक वर्षे उन्हात पडून पांढरी पडलेल्या शिंगांचा आवाज बोदा येतो. हाताच्या बोटांना इजा होऊ नये म्हणून कपाळाजवळचे फाटे कापून टाकतात, इतर टोके घासून बोथट करतात आणि बुडाशी भोक पाडून दोन्ही शिंगे दोरीने बांधतात, म्हणजे ती गळ्यात अडकवता येतात. बाजारात प्लॅस्टिकची शिंगेही मिळतात. कापडी पिशवीत लाकडी दांडके भरलेले साधन खिशात मावते व एका हाताने वापरता येते. मात्र दोन मोठ्या नरांची टक्कर जितकी कडाडते तितका आवाज त्यातून निघत नाही.

दक्षिण टेक्ससमध्ये मीलनकाळाचा भर डिसेंबरच्या मध्यास येतो, तर उत्तरेकडील बहुतेक राज्यांत तो नोव्हेंबरच्या मध्यासच येऊन गेलेला असतो. हंगामाच्या आरंभी केवळ फाट्यांची हलकी टकटक करतात, कारण त्या दिवसांत नर तेवढेच करीत असतात. भर मीलनकाळात मात्र शिंगे जोराने आदळून ती एकमेकांत पिळली जातात, घासली जातात, मध्येच थांबून पुन्हा आदळली जातात. जवळच्या झुडपाच्या फांद्या मोडल्या जातात, शिंगाच्या बुडाने जमिनीवर ठोके देऊन खुरांचा आवाज काढला जातो आणि खडीवरून शिंग ओढले जाते. हरणाला केवळ हाडावर हाड आपटल्याचा आवाज नव्हे, तर अख्खी झुंज ऐकू यावी लागते. काही मिनिटांच्या या खटाटोपानंतर निदान वीस-तीस मिनिटे निश्चल बसून वाट पाहावी लागते. नवख्यांची फजिती येथेच होते, कारण ते लवकर उठतात आणि त्यांच्या रोखाने सावकाश येणारा नर त्यांना पाहून पळतो.

वाऱ्याचे गणित सर्वांत महत्त्वाचे आहे. आवाजाच्या दिशेने येणारा अनुभवी नर सरळ येत नाही. तो वळसा घालून अशा बाजूने येतो की झुंजीच्या जागेवरून वाहणारा वारा त्याच्या नाकावर यावा. म्हणून या कामाला जोडी बरी पडते. एक जण मेस्किटच्या झुडपांत (ही आपल्याकडील वेड्या बाभळीची भाऊबंद) दडून शिंगे वाजवतो आणि दुसरा वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूला, शक्य तर उंचावर, नेम धरून बसतो.

या तंत्राविषयी शिकाऱ्यांच्या अनुभवकथा उदंड आहेत. मोजमाप मात्र फार थोडे. त्यामुळे टेक्ससमधील सिंटन गावाजवळच्या वेल्डर वन्यजीव प्रतिष्ठानाच्या राखीव क्षेत्रात मिकी हेलिकसन या वन्यजीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात केलेले प्रयोग मोलाचे ठरतात. एक जण जमिनीवर शिंगे वाजवी आणि दुसरा निरीक्षण मनोऱ्यावर बसून येणाऱ्या नरांची नोंद करी. आवाज मोठा की हळू, वाजवणे थोडा वेळ की जास्त वेळ, असे चार प्रकार मीलनकाळापूर्वी, भर मीलनकाळात व नंतर आलटून पालटून वापरले गेले. एकूण 171 सत्रांत 111 नर आले. मोठ्या आवाजाला हळू आवाजाच्या जवळजवळ तिप्पट प्रतिसाद मिळाला. वाजवण्याच्या कालावधीने मात्र फारसा फरक पडला नाही. सर्वाधिक नर भर मीलनकाळात आले, पण पोक्त वयाचे नर त्यानंतरच्या काळात तुलनेने अधिक आले. सकाळची वेळ आणि कमी वारा अनुकूल ठरला. सर्वांत बोलका निष्कर्ष मनोऱ्यामुळे हाती आला: जमिनीवर बसलेल्या माणसाला आलेल्या नरांपैकी बरेच दिसलेच नव्हते. शिंगे वाजवूनही काही आले नाही, असे जे शिकारी सांगतात त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठीमागे नर येऊन गेलेला असण्याची शक्यता यामुळे नाकारता येत नाही.

तरीही टेक्ससमधील यश इतरत्र जसेच्या तसे मिळत नाही, आणि त्याचे कारण वाजवण्याच्या कौशल्यात नसून कळपाच्या रचनेत आहे. जेथे नरांना वयात येताच टिपले जाते व प्रत्येक नरामागे अनेक माद्या उरतात, तेथे स्पर्धाच नसते. नराला झुंजीकडे धावण्याची गरज पडत नाही. टेक्ससची सुमारे 95 टक्के जमीन खाजगी मालकीची आहे. मोठमोठ्या रँचचे (गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण जमिनींचे) मालक शिकारीचे हक्क भाड्याने देतात आणि कोवळ्या नरांना वाढू देतात. त्यामुळे तेथे पोक्त नर भरपूर असतात आणि वर्चस्वासाठी चढाओढही तीव्र असते.

या पद्धतीत एक खरा धोका आहे. हरणाची हुबेहूब नक्कल करणारा माणूस दुसऱ्या शिकाऱ्यालाही हरीणच वाटू शकतो. म्हणून सार्वजनिक वनांत बंदुकीच्या हंगामात रॅटलिंग टाळावे, भडक नारिंगी कपडे घालावेत आणि शिंगे नेताना ती नारिंगी कापडात गुंडाळावीत, असे शिकवले जाते. वन्यजीव छायाचित्रकारही हे तंत्र वापरतात. मात्र मीलनकाळात आधीच वजन घटलेल्या नराला पुन्हा पुन्हा फसवून धावडवणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यांनाही लागू होतो.

हरणाला हरणाच्याच रूपाने फसवण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. फ्लॉरिडातील तिमुकुआ हे मूळनिवासी लोक हरणाचे कातडे पांघरून कळपाजवळ जात, याचे चित्र तेओडोर द ब्री या युरोपीय चित्रकोरकाने 1591 मध्ये प्रसिद्ध केले होते. नक्कल कशाची करायची हे मात्र प्राण्यागणिक बदलते. मूस या उत्तरेकडील महाकाय हरणाच्या शिकारीत खांद्याचे चपटे हाड किंवा होडीचे वल्हे झाडाझुडपांवर घासून नराच्या शिंगांचा आवाज काढतात आणि भूर्ज सालीच्या कर्ण्यातून मादीची हाक देतात. युरोपात तांबड्या हरणाच्या नराला त्याच्याच डरकाळीची नक्कल करून डिवचतात. रो या तेथील लहान हरणाच्या नराला जुलै-ऑगस्टमध्ये मादीच्या बारीक आवाजाने बोलावतात, आणि तो आवाज पूर्वी बीच वृक्षाचे पान ओठांत धरून काढीत.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी असल्याने या तंत्राला येथे स्थान नाही. शिवाय चितळांचा मीलनकाळ अमेरिकेतील हरणांसारखा मोजक्या आठवड्यांत एकवटलेला नसतो. एकाच महिन्यात मखमली शिंगांचे व टणक शिंगांचे नर एकाच कळपात आढळतात. गळलेली शिंगेही याच कायद्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रातील घराघरांत एकेकाळी औषध म्हणून उगाळले जाणारे सांबरशिंग त्यामुळे आज जंगलातून उचलून आणता येत नाही वा विकताही येत नाही.