शिकारीला निघण्यापूर्वी काडतुसांचे खोके आणि जॅकेटचे खिसे तपासा

कॅलिफोर्नियात शिकार करणाऱ्या, तसेच शेतात किंवा कुरणात उपद्रवी जनावरांसाठी बंदूक वापरणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांसाठी ही माहिती आहे.

१ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्निया राज्यात कोणत्याही बंदुकीने कोणताही वन्य प्राणी वा पक्षी मारताना शिशाची गोळी किंवा शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत. हा कायदा २०१३ मध्ये झाला आणि टप्प्याटप्प्याने लागू झाला. २०१५ मध्ये आधी राज्याची वन्यजीव क्षेत्रे आणि पर्यावरणीय राखीव क्षेत्रे त्यात आली. त्यामुळे ‘हे फक्त अभयारण्यापुरते आहे’ असा समज अजून पुष्कळांचा आहे. तो चुकीचा आहे. जमीन सरकारी असो वा स्वतःच्या मालकीची, हरीण असो, रानडुक्कर असो, कोल्ह्यासारखा कोयोट असो की पिकात शिरलेली खार, नियम एकच. पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड होतो, पुन्हा सापडल्यास १,००० ते ५,००० डॉलर. बदके आणि हंस यांच्या शिकारीत तर शिशाच्या छऱ्र्यांवर १९९१ पासून अमेरिकाभर बंदी आहे.

दंडाचे सांगून झाले, पण हा नियम कशासाठी आहे ते कळले तर तो पाळणे जड जात नाही.

शिशाची रायफलची गोळी जनावराला लागली की ती अखंड राहत नाही. तिचे बारीक बारीक कण उडतात आणि जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. एक्स-रे काढला तर पांढऱ्या ठिपक्यांचा सडाच दिसतो. शिकारी जनावर साफ करून आतडी जागेवर टाकून जातो आणि त्यावर गरुड, डोमकावळे, गिधाडे उतरतात. कॅलिफोर्निया कॉन्डोर हा महाकाय पक्षी केवळ मेलेल्या जनावरांवर जगतो, आणि तोही घोळक्याने खातो. एका जनावराच्या आतड्यांमुळे एकाच दिवशी अनेक पक्ष्यांच्या पोटात शिसे जाऊ शकते. पोटातल्या तीव्र आम्लात ते विरघळते, रक्तात उतरते, पचनसंस्था बंद पडते. गळ्याची पिशवी अन्नाने भरलेली असताना पक्षी उपाशी मरतो.

१९८२ मध्ये जगात अवघे २२ कॉन्डोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला गेला, तिथे त्यांची पैदास वाढवली गेली आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा मोकळे सोडायला सुरुवात झाली. मोकळ्या कॉन्डोरांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही शिसेच आहे. एवढ्या कष्टाने वाचवलेला पक्षी आपल्या काडतुसामुळे जाऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

आणि हेच कण आपल्या ताटातही येतात. लहान मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. जुन्या साठ्यातले, शिशाच्या गोळीने मारलेले मांस फ्रीजरमध्ये असेल तर ते मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका.

आता खरेदीबद्दल. सगळ्यात जास्त फसगत रंगामुळे होते. गोळी तांबूस दिसली म्हणजे ती तांब्याची, असे नसते. तांब्याचे कवच किंवा तांब्याचा मुलामा असलेल्या बहुतेक गोळ्यांच्या पोटात शिसेच असते. गोळी संपूर्ण तांब्याची आहे, किंवा शिसे नाही, असे खोक्यावर स्पष्ट छापलेले हवे. शंका आली तर खोके फोडण्याआधी आम्हाला दाखवा.

तांबे शिशापेक्षा हलके असते, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ३०-०६ या मापाच्या रायफलमध्ये १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) शिशाची गोळी वापरत असाल तर तांब्याची १५० किंवा १६५ ग्रेनची घ्या. वेग चांगला राहतो, आणि तांब्याची गोळी नीट उमलायला वेग लागतोच. नळी आधी स्वच्छ करा, मग रेंजवर, म्हणजे निशाणेबाजीच्या मैदानावर, जाऊन नेम नव्याने लावा. जुन्या नेमावर विसंबून थेट रानात जाऊ नका, जनावर जखमी होऊन निसटते.

शॉटगनमध्ये पोलादी छर्रे वापरताना शिशापेक्षा दोन नंबर मोठे घ्या. ६ नंबरऐवजी ४ नंबर; आकडा लहान तितका छर्रा मोठा. पोलाद चेपत नाही, म्हणून चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग, मोकळा ठेवा. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सर्वांत अरुंद असलेल्या, जुन्या बंदुकीत पोलाद घालू नका, नळी खराब होण्याची भीती असते. अशा बंदुकीसाठी बिस्मथ या धातूच्या छर्ऱ्यांची काडतुसे मिळतात. महाग आहेत, पण घरातली जुनी बंदूक त्यावर चालवता येते.

शिकार करताना शिशाचे काडतूस आणि ते झाडू शकणारी बंदूक एकत्र जवळ बाळगणेही गुन्हा आहे. मागच्या हंगामातले एखादे काडतूस जॅकेटच्या आतल्या खिशात, पट्ट्यात किंवा पिशवीच्या तळाशी राहून जाते. घरून निघताना सगळे खिसे उलटे करून झटका.

पशुपालकांना एक विनंती. आजारी गाय किंवा घोडा गोळी घालून शांत करावा लागला तर तो वन्य प्राणी नसल्याने हा कायदा लागू होत नाही, पण शव उघड्यावर राहिले तर पक्ष्यांना विष तेच मिळते. शक्यतो तांब्याची गोळी वापरा, नाहीतर शव खोल पुरा. मासेमारीच्या शिशाच्या वजनांवरही हा कायदा काही म्हणत नाही, तरी लून हे पाणपक्षी आणि हंस ती गिळून मरतात. कथील किंवा टंगस्टनची वजने आमच्याकडे मागून घ्या.

घरात उरलेली शिशाची काडतुसे ज्या रेंजवर चालतात तिथे निशाणेबाजीत संपवता येतील. वापरायची नसतील तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घातक कचरा स्वीकारणाऱ्या स्थानिक केंद्राला किंवा पोलीस ठाण्याला आधी फोन करा, ते घेत असतील तरच घेऊन जा.