स्वतःच्याच उजेडाने दिपणारी दुर्बीण

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीतला रस किती तापलाय, ते मुरलेला कारागीर रंगावरून ओळखतो. वस्तू जितकी तापलेली, तितकी तिच्या प्रकाशाची तरंगलांबी कमी. 1400 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस सर्वाधिक प्रकाश फेकतो तो पावणेदोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे अवरक्तात, तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशात. डोळ्यांना दिसते ती त्याची नुसती किनार. पण गार वस्तूही अंधारात नसतात. रंकाळ्याचा कठडा, घराची भिंत, आपले अंग, सगळे काही 10 मायक्रॉनजवळ अखंड उजळत असते. आपली नजर 0.7 मायक्रॉनच्या पुढे जात नाही, म्हणून रात्र काळी वाटते.

नेमक्या याच 10 मायक्रॉनच्या आसपास खगोलशास्त्रज्ञांना बघायचे असते. नव्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या आणि कोमट ग्रह तिथेच ठळक दिसतात. अडचण अशी की दुर्बिणीचे आरसे, त्यांचे खांब, वरची हवा, सगळेच त्या तरंगलांबीला चमकते. हवे ते दृश्य या झगमगाटापुढे बऱ्याचदा लाखपटीने फिके असते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून रात्रीच्या आकाशाचा नैसर्गिक उजेड कॅमेऱ्याने टिपतात. 87 किलोमीटर उंचीच्या आसपास हायड्रॉक्सिल रेणू जो मंद प्रकाश देतात तो तिथे अभ्यासाचा विषय, पण निकट-अवरक्तात तारे पाहणाऱ्याला तीच डोकेदुखी. 3 मायक्रॉनच्या पुढे गेले की उष्णतेच्या मानाने ती किरकोळ ठरते.

मग जमिनीवरून हा खटाटोप का करायचा? जेम्स वेब दुर्बीण अवकाशात आहे, थंड आहे, आणि फिक्या गोष्टी पाहण्यात तिच्याशी बरोबरी होणार नाही. पण तिचा आरसा 6.5 मीटरचा. चिलीत सेरो आर्माझोनेसवर उभ्या राहत असलेल्या ईएलटी या महाकाय दुर्बिणीचा 39 मीटरचा, 798 तुकड्यांचा. प्रतिमा प्रकाशाच्या विवर्तनाच्या (लहरी पसरण्याच्या) मर्यादेइतकी रेखीव असेल, तर आरसा मोठा केल्याने ताऱ्याचा प्रकाश वाढतो, पण त्या ठिपक्यामागची पार्श्वभूमी वाढत नाही. परिणामी लागणारा वेळ व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो. 8.2 मीटरच्या दुर्बिणीला जिथे तास लागतो, तिथे ईएलटीला हिशेबाने सातच सेकंद पुरतील. प्रत्यक्षात इतके सरळ नसते, तरी या एका आकड्यासाठी खटाटोप परवडतो.

दुर्बीण थंड करता येत नाही, पण उपकरण करता येते. ईएलटीसाठीचा ‘मेटिस’ हा कॅमेरा-स्पेक्ट्रोग्राफ (प्रतिमा घेणारे आणि प्रकाशाचा वर्णपट मांडणारे उपकरण) निर्वात टाकीत बसतो आणि त्यातले आरसे उणे 200 अंशांच्या आसपास ठेवले जातात. त्यात दुर्बिणीच्या आरशाच्या प्रतिमेवर मधे भोक असलेला एक थंड पडदा बसवतात, म्हणजे आरशाबाहेरचा गरम सांगाडा दिसतच नाही. एवढे गार झाले की धातू आकसतो. अ‍ॅल्युमिनियम खोलीच्या तापमानापासून इतके खाली आणले की एका मीटरला साधारण 4 मिलिमीटर. ओतकामासाठी वस्तूचा नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवणाऱ्या कोल्हापूरच्या पॅटर्नमेकरला यात नवल वाटणार नाही. ओतीव लोखंड थिजून गार होताना साधारण टक्काभर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावाच लागतो. मध्य-अवरक्त उपकरणात बऱ्याचदा आणखी एक युक्ती करतात. बैठक आणि आरसे दोन्ही एकाच अ‍ॅल्युमिनियमचे घ्यायचे. सगळे एकाच प्रमाणात आकसते, आणि जुळवणी बिघडत नाही.

उरलेली पार्श्वभूमी वजा करायची असते, आणि ती सतत बदलत राहते. जुन्या दुर्बिणींत दुय्यम आरसा सेकंदातून काही वेळा हलवून कधी तारा, कधी शेजारचे रिकामे आकाश पाहायचे आणि फरक काढायचे. ईएलटीचा दुय्यम आरसा चार मीटरहून मोठा, तो असा हलणे शक्य नाही. म्हणून मेटिसमध्ये हे काम आतला एक छोटा आरसा करतो. शोधकही, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपाही, झटपट वाचाव्या लागतात, नाहीतर आकाशाच्या उष्णतेनेच त्या भरून जातात.

मला सर्वात आवडते ते जालीचे गणित. जाली म्हणजे बारीक समांतर रेघा कोरलेला पृष्ठभाग, तो प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करतो. स्पेक्ट्रोग्राफचा बारकावा जालीवरून परतणाऱ्या किरणांच्या मार्गफरकावर ठरतो. 5 मायक्रॉनला एक लाखाचे विभाजन हवे, म्हणजे तरंगलांबीतला लाखातला एक भाग, किंवा प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या वेगातला 3 किलोमीटर प्रतिसेकंदाचा फरक ओळखायचा, तर मार्गफरक किमान अर्धा मीटर लागतो आणि हवेतली जाली पाव मीटरहून लांब होते. दुर्बिणीचा व्यास यात कुठेच येत नाही. दृश्य प्रकाशात, वातावरणाने विस्कटलेल्या प्रतिमेसह, दुर्बीण वाढली की स्पेक्ट्रोग्राफही वाढत जातो, इथे तसे होत नाही. वर आणखी एक सोय: प्रकाश सिलिकॉनच्या ठोकळ्यातून आत सोडून जाली त्याच्या पाठीवर कोरली, तर सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे 3.4 असल्याने, म्हणजे आत तरंगलांबी तितक्या पटीने आखूड होत असल्याने, जालीची लांबी तेवढ्याच पटीने घटते, सात-आठ सेंटिमीटरवर येते. टाकी लहान, थंड करायचे वजन कमी.

मात्र सात-आठ मायक्रॉनच्या पुढे सिलिकॉन स्वतःच प्रकाश गिळू लागते. त्यामुळे मेटिसचा लाखाचा बारकावा 3 ते 5 मायक्रॉनपुरताच आहे. 10 मायक्रॉनला तो प्रामुख्याने प्रतिमा घेईल आणि वर्णपट मिळेल तो जाडाभरडा.