ओल्या कपड्याचं घड्याळ

कपाटातून धुतलेला, घडी केलेला पातळ सुती शर्ट काढला आणि अंगात घातला. नाकाला काही खटकलं नाही. बाहेर पडून वीस मिनिटं झाली, पाठीला घाम फुटला आणि मानेजवळून ओल्या फडक्यासारखा वास यायला लागला. हा अनुभव ज्याला कधीच आला नाही तो कोरड्या हवेत राहतो, असं खुशाल समजावं. आपण दोष देतो घामाला, साबणाला, फार तर कपाटाला. पण त्या वासाची तयारी दोन-तीन दिवस आधीच झालेली असते, शर्ट दोरीवर रेंगाळत वाळत असताना.

या वासामागचा मुख्य आरोपी सापडला तो 2012 साली. जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी धुऊनही वास मारणाऱ्या कपड्यांमधून मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू वेगळा काढला. कपड्यात उरलेल्या घामातेलावर तो जगतो आणि 4-मिथाइल-3-हेक्झेनोइक आम्ल असं लांबलचक नाव असलेलं रसायन तयार करतो. ओल्या फडक्याचा तो ओळखीचा कुबट वास म्हणजे हेच रसायन. हा जीवाणू चिवट आहे. कोरडेपणा सोसतो, उन्हातले अतिनील किरणही बऱ्यापैकी सोसतो. कापड वाळलं की निपचित पडतो आणि अंगाची ऊब व घामाची ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. म्हणून शर्ट कपाटात असताना शहाण्यासारखा वागतो आणि अंगात घातल्यावर दगा देतो.

उष्ण आणि दमट हवेत हलक्या कपड्यांची काळजी घ्यायची म्हणजे काय, याचं माझं उत्तर म्हणूनच एका ओळीचं आहे: कापड किती वेळ ओलं राहतं ते बघा. कापड भिजलं की एक घड्याळ सुरू होतं, मग ते बादलीत भिजलेलं असो वा घामाने. साबण कुठला, पाणी गार की कोमट, हे प्रश्न त्यानंतरचे.

आता एक हिशेब मांडू. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते. सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल तर त्यातले जवळपास 26 ग्रॅम आधीच भरलेले असतात, जागा उरते साडेचार ग्रॅमची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत सुमारे 28 घनमीटर हवा असते. म्हणजे खिडक्या लावलेली ती अख्खी खोली फार फार तर 130 ग्रॅम पाणी पिऊ शकेल. पातळ सुती शर्टाचं वजन साधारण 150 ग्रॅम धरलं, तर हाताने पिळल्यावर त्यात जवळजवळ तेवढंच पाणी उरतं. एक शर्ट! बंद खोलीत एकच शर्ट टांगला तरी हवा तृप्त होते आणि शर्ट ओलाच राहतो. भिंती आणि गाद्या थोडं पाणी शोषून घेतात, पण ती मदत नंतर बुरशीच्या रूपाने परत मिळते. आणि आपण तर त्याच खोलीत दोन दोऱ्या बांधून आठवड्याचे कपडे वाळत घालतो.

याच आकड्यांमध्ये उपायही आहे. हीच हवा, तेवढीच वाफ घेऊन, 35 अंशांना गेली की तिची आर्द्रता 65 टक्क्यांवर येते आणि उरलेली जागा साडेचारची जवळपास चौदा ग्रॅम होते, म्हणजे तिप्पट. पाच अंशांच्या उबेने एवढा फरक पडतो. दिवस मावळताना याच्या उलट घडतं. दुपारी 30 अंशांना 70 टक्के असलेली हवा संध्याकाळी 25 अंशांवर उतरली की 90 टक्क्यांच्या वर पोचते. दुपारी तीनला खडखडीत वाळलेले कपडे सात वाजेपर्यंत दोरीवरच ठेवले तर ते पुन्हा सर्द का लागतात, ते यावरून कळेल. कपडे ऊन उतरायच्या आत काढावेत हे सांगणाऱ्या थोरांना हा हिशेब ठाऊक नसेल, पण त्यांचा हात बरोबर होता.

पंखा मात्र हवा गरम करत नाही, मग तो उपयोगी का पडतो? ओल्या कापडाला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. तो वाफेने भरला की बाष्पीभवन मंदावतं. वारा तो थर सतत उडवून लावतो. म्हणून पंखा छताचा असण्यापेक्षा बाजूने मारा करणारा बरा, आणि एक खिडकी उघडी हवीच. नाहीतर तीच दमट हवा घरभर गरगर फिरवल्याचं पुण्य तेवढं लागतं. एसी लावलेल्या खोलीत कपडे चटकन वाळतात, कारण एसी हवेतलं पाणी गाळून बाहेर टाकतो. दोन कपड्यांमध्ये आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. शर्ट बटणं उघडी ठेवून हँगरला लावा, म्हणजे पुढचा आणि मागचा पदर एकमेकांना चिकटणार नाही. यंत्रात धूत असाल तर जाड सुती कपड्यांना पाणी पिळून काढायची एक फेरी जास्त द्या. एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सुमारे 2,400 किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी फिरकीने झटकून टाकायला त्याच्या कणभरही लागत नाही.

वाळलं की नाही हे शर्टाच्या पाठीला हात लावून ठरवू नका. पाठ सर्वात आधी वाळते. कॉलरची आतली शिवण, खिशाचा तळ, काखेत जिथे चार तुकडे एकत्र येतात ती गाठ, बटणपट्टी, इथे कापडाचे दोन-तीन थर असतात आणि मधे चिकट अस्तरही असतं. ती जागा गालाला लावून बघा. गार लागली तर अजून पाणी उडतं आहे. बोटांपेक्षा गाल हा फरक लवकर ओळखतो. मानेजवळून येणारा तो सुरुवातीचा वास बहुतेक वेळा या कॉलरच्या पोटातूनच आलेला असतो.

सगळी कापडं पाण्याशी सारखी वागत नाहीत. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरड्या कापसाच्या 100 ग्रॅमला सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. लिननमध्ये, म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूंच्या कापडात, ते 12 ग्रॅमच्या आसपास, रेयॉन म्हणजे व्हिस्कोसमध्ये 11 ते 13, आणि पॉलिएस्टरमध्ये जेमतेम 0.4 ग्रॅम. कापूस आणि लिनन घाम पितात म्हणून अंगाला सुखावतात, पण त्याच गुणामुळे वाळायला वेळ घेतात. पॉलिएस्टर चटकन वाळतं, मग वासाच्या बाबतीत ते बरं असायला हवं. तसं होत नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 26 जणांना तासभर जोरदार व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि त्यांचे टी-शर्ट 28 तास ठेवून मग हुंगले. पॉलिएस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा स्पष्टपणे जास्त घाणेरडे वास देत होते, आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू भरभरून वाढले होते. पॉलिएस्टरला पाणी नको असतं, पण तेल हवंहवंसं वाटतं. त्वचेचं तेल ते धरून ठेवतं आणि गार पाण्यात सोडत नाही. व्यायामाचे कपडे उलटे करून, कपड्यावरची पट्टी परवानगी देत असेल तर 40 अंशांच्या कोमट पाण्यात धुवावेत, ते यासाठी.

ओलेपणी बळ वाढतं ते कापूस आणि लिननचं. हे दोन्ही धागे भिजल्यावर कोरड्यापेक्षा मजबूत होतात, त्यामुळे घासलं, पिळलं तरी सहन करतात. व्हिस्कोसचं नेमकं उलटं. तेही कापसासारखं सेल्युलोजच, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचं मूळ द्रव्य, पण विरघळवून पुन्हा धाग्यात ओढलेलं, त्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या आखूड आणि रचना सैल असते. भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्मी होते. हे मला एका निळ्या रेयॉनच्या शर्टाने शिकवलं. सुती समजून मी तो दोन्ही हातांनी दणकून पिळला आणि खांद्यापाशी तो चर्रकन फाटला. शिवण शाबूत होती, फाटलं ते कापड. असं कापड मुठीत दाबून पाणी काढावं, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून टिपावं आणि सपाट पसरावं. ‘बांबूचं कापड’ म्हणून कौतुकाने विकलं जाणारं बरंचसं कापडही व्हिस्कोसच असतं. बांबूचा चिवटपणा त्यात शोधू नये.

घामाकडे वळू. ताजा घाम सहसा किंचित आम्लधर्मी असतो. जीवाणूंनी त्यातल्या युरियाचा अमोनिया केला की तो अल्कधर्मी होतो. रंग या दोन्ही बाजूंनी मार खातो. म्हणून घामाला रंग किती टिकतो हे तपासण्याच्या आयएसओ 105-ई04 चाचणीत कापड दोन कृत्रिम घामांत वेगवेगळं भिजवतात, एक साडेपाच पीएचचा, म्हणजे आम्लधर्मी, आणि एक आठचा, म्हणजे अल्कधर्मी. घाम आणि ऊन एकत्र आलं तर रंग आणखी लवकर विटतो, म्हणून त्याची चाचणी निराळी. गडद शर्ट घामेजलेला तसाच उन्हात टाकू नये. आधी साध्या पाण्यात खळखळून काढावा, मग उलटा करून वारा लागेल अशा सावलीत वाळवावा. पांढऱ्या सुती कपड्याला हे सोवळं नाही, त्याला ऊन मानवतं. रेशीम मात्र उन्हाने आणि घामाने, दोन्हीने पिवळं पडतं.

आणि ती खुंटी! घामाने भिजलेला शर्ट खुंटीला टांगून ‘उद्या अजून एकदा घालता येईल’ म्हणणारे आपण सगळेच. घाम वाळला तरी मीठ कापडातच राहतं, आणि मिठाची एक खोड आहे. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते तसा हा शर्ट रात्रभर खुंटीवर पुन्हा ओला होतो, तोही पाणी आणि त्वचेचं तेल एकत्र असलेल्या जागी. जीवाणूंसाठी याहून चांगलं पंगतीचं पान नाही. साबण लावायला वेळ नसेल तर नुसत्या पाण्यातून शर्ट काढून टांगा. मीठ पाण्यात सहज जातं आणि अर्धं काम होतं.

साबण जास्त घातला की कपडे जास्त स्वच्छ होतात हा समज फार चिवट आहे. नीट न खळबळलेला साबण धाग्यात बसतो, मळ धरतो, कापड चिकट करतो. सुगंधी मऊकारकाचा मोह तर उन्हाळी कपड्यांपुरता सोडाच. तो धाग्यावर मेणचट लेप देतो आणि कापडाची घाम टिपण्याची ताकद कमी करतो, म्हणजे ज्यासाठी सुती घेतलं तेच घालवतो. वाळलेलं सुती कापड कडक होतं त्याचं कारणही गमतीदार आहे. काओ आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की पूर्ण वाळल्यासारख्या वाटणाऱ्या कापसातही थोडं बांधलेलं पाणी उरतं आणि तेच धाग्यांना धाग्याशी गोंदासारखं चिकटवतं. वाळत घालताना एकदा आणि काढताना एकदा कपडा जोरात झटकला की हे सांधे सुटतात. बाटलीतला मऊकारक त्यापुढे महागच.

काखेतल्या पिवळ्या डागाला घाम एकटा जबाबदार नसतो. घामरोधकातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून तो थर घडवतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की डाग अनेकदा गडदच होतो. सोडियम परकार्बोनेटचं ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात घालून सुती कापड तासभर भिजवणं बरं. रेशमाला दोन्ही वर्ज्य.

सुरकुत्यांचंही मूळ पाण्यातच आहे. सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या घसरतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा पकड घेतात. घामेजलेल्या पाठीने खुर्चीला टेकून तासभर बसलं की ओल, ऊब आणि दाब तिन्ही मिळतात. इस्त्रीला तरी आणखी काय लागतं? म्हणून सुती आणि लिनन किंचित दमट असतानाच इस्त्री करावी. कपड्याच्या पट्टीवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर साधारण 110 अंश, दोन असतील तर 150, तीन असतील तर 200. लिननची घडी दर वेळी त्याच रेषेवर दाबू नका. तो तंतू ताठ असतो, त्याच ठिकाणी मोडून मोडून शेवटी तुटतो. इस्त्री झाली की कपडा लगेच कपाटात जाऊ नये. वाफ निघून जायला पाऊण तास उघड्यावर टांगलेला बरा.

कपाटात बुरशीला हवं असतं ते सेल्युलोज, थोडा मळ आणि 70-75 टक्क्यांच्या वरची ओल. खळ घातलेला कपडा म्हणजे तिला वर पिठाची मेजवानी, आणि खळीवर कसरही येते. दमट ऋतू सुरू होण्याआधी खळ धुऊन काढून कपडे ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ती आतली ओल आतच कोंडते. डांबराच्या गोळ्या किड्यांना पळवतात, ओलीला मुळीच नाही. एकदा काळे ठिपके पडले की लवकर हात चालवा. तो काळा रंग बुरशीच्या पेशींमधला असतो आणि पेशी धाग्याच्या आत शिरलेल्या असतात, त्यामुळे घासून तो फिका होतो, जात नाही. मलमलीसारख्या विरळ कापडात तर बुरशीने धागा आतून खाल्लेला असतो, आणि डाग निघाला म्हणून आपण खूश होऊन कपडा उजेडात धरतो तेव्हा त्या जागी टाचणीएवढं भोक दिसतं.