अगरबत्तीने स्मोक अलार्म तपासू नका

स्मोक अलार्म चालतो का हे पाहायला त्याखाली अगरबत्ती किंवा जळता कागद धरा, हा सल्ला कित्येक वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. स्टुलावर चढून छताजवळ ज्योत नेणं म्हणजे आगीलाच आमंत्रण. शिवाय काजळी आतल्या कप्प्यात बसून सेन्सर बिघडू शकतो. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण आवाज येईपर्यंत दाबून ठेवा. हात पोचत नसेल तर झाडूच्या दांड्याने दाबा. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर आधी सांगून ठेवा, कारण आवाज खरोखर कानठळ्या बसवतो. विजेवरच्या अलार्मचा हिरवा दिवा फक्त वीज पोचतेय एवढंच सांगतो. मागे छापलेली निर्मितीची तारीखही बघा: १० वर्षं झाली असतील तर, बटणाने वाजत असला तरी, अख्खा अलार्म बदलायचा.